एफएलजी२२ (जिवाणूच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन प्रथिनाचा तुकडा) दिलं, तरी ऑक्सिजन-बर्स्ट (पानाने बचावासाठी सक्रिय ऑक्सिजन झटक्यात सोडणं) दिसत नाही

प्रश्न: अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपाचा डब्ल्यूएस-० वाण. पानाच्या ४ मिमी चकत्या कापून लगेच ल्युमिनॉल, पेरॉक्सिडेझ (दोन्ही मिळून सक्रिय ऑक्सिजन प्रकाशरूपात दाखवतात) आणि १०० नॅनोमोलर एफएलजी२२ घातलं. प्रकाशाची रेघ सुरुवातीलाच वर, नंतर उतरतीच. पेप्टाइड खराब?

उत्तर: पेप्टाइडला दोष देऊ नका. डब्ल्यूएस-० मध्ये एफएलएस२ रिसेप्टर निकामी असतो. फ्लॅजेलिनचा हा २२ अमिनो आम्लांचा तुकडा पकडणार कोण? कोल-० वाण घ्या, डब्ल्यूएस-० निगेटिव्ह कंट्रोलला (प्रतिसाद येऊ नये अशा तुलनेच्या नमुन्याला) उत्तम.

उत्तर: सुरुवातीची चढण कापल्याच्या जखमेची. चकत्या रात्रभर पाण्यावर तरंगू द्या, पेप्टाइड सकाळी. कोल-० मध्ये साधारण १०-१५ मिनिटांत शिखर दिसेल.

प्रश्नकर्ता: अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या फ्लॅजेलिनचं पेप्टाइड चालेल?

उत्तर: नाही. क्रम बदललेला असल्याने एफएलएस२ त्याला ओळखत नाही, त्यामुळे त्याचं साथीदार प्रथिन बीएके१ही जोडीला येत नाही.