फ्लेमिश माणूस परमुलखात गेला तो कसबाच्या जोरावर की पोटापायी?

उंबरठा: स्थलांतर म्हटलं की आपण लगेच रडका सूर लावतो. फ्लेमिश लोकांची (आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातले, डच बोलणारे) गोष्ट मला उलटी वाटते. यांना बोलावून नेलंय! १३३१ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने जॉन केम्प या विणकराला संरक्षणपत्र दिलं. १५६५ मध्ये इंग्लंडमधल्याच नॉर्विच शहराचा कापडधंदा बसला, तेव्हा शहराने तीस कुटुंबं मागवून घेतली, बहुतेक फ्लेमिश. हातात कसब असलं की दारं उघडतात.

कोरा कागद: दारं उघडतात, मग त्याच दारातून फरफटत बाहेर काढतात. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात लंडनच्या जमावाने चर्चमध्ये लपलेल्या फ्लेमिशांना ओढून काढून मुंडकी उडवली. बखरीत आहे, 'ब्रेड अँड चीज' म्हणायला लावायचे. तोंडातून त्याऐवजी फ्लेमिश वळणाचं 'केस अँड ब्रोड' आलं की संपलं. आणि नॉर्विचची ती कुटुंबं आधीच जीव मुठीत धरून पळालेली होती. अँटवर्प या फ्लेमिश बंदराचं तर विचारूच नका. १५८५ मध्ये शहर स्पेनच्या हाती पडलं, प्रोटेस्टंटांना चार वर्षांची मुदत मिळाली: धर्म बदला, नाहीतर चालते व्हा. शहर निम्मं रिकामं झालं. याला आमंत्रण म्हणायचं?

उंबरठा: १३८१ मान्य. पण राग कशाचा होता? धंदा खाल्ल्याचाही होता ना! म्हणजे कसब होतंच.

हिशेबनीस: तुम्ही दोघं विणकरांतच अडकलात. १८४० च्या दशकात यंत्राच्या सुतापुढे घरचं तागाचं सूत टिकेना, त्यात बटाटा कुजला. मग माणसं बीट काढायला टोळ्यांनी फ्रान्सला जायची, गावी त्यांना 'फ्रान्समन' म्हणत. सीमेलगतच्या रुबे या फ्रेंच शहरातल्या गिरण्यांत इतके गेले की १८७० च्या दशकात निम्म्याहून जास्त शहर बेल्जियन होतं. सीमेपलीकडून येणारे लोणीसुद्धा घरूनच आणत, म्हणून फ्रेंच त्यांना 'लोण्याची मडकी' म्हणून चिडवत. यांना कुठल्या राजाने पत्र धाडलं होतं?

उंबरठा: आणि अमेरिका? अँटवर्पहून रेड स्टार लाइनच्या बोटींनी वीस लाख माणसं गेली. डेट्रॉइटला १९१४ पासून फ्लेमिश वर्तमानपत्र निघत होतं, चक्क २०१८ पर्यंत.

कोरा कागद: त्या वीस लाखांत पूर्व युरोपातले लोक, त्यातही ज्यू, किती होते ते बघा. बोट अँटवर्पची म्हणून उतारू फ्लेमिश होत नाही.

सुकी मासळी: गोवा विसरलात? ब्रुज या फ्लेमिश शहरातला जाक द कूत्र गोव्यात राहून हिऱ्यांचा व्यापार करायचा, विजापूरपर्यंत फिरलेला. १६२३ मध्ये पोर्तुगिजांनी त्याला भावासकट धरून लिस्बनला रवाना केलं. कसब होतं, पैसाही होता. उपरा तो उपराच.

उंबरठा: हे माहीत नव्हतं. बीट काढणाऱ्यांना मी विणकरांच्या मापाने मोजलं, ती चूक झाली. नॉर्विचबद्दल मात्र मागे हटत नाही.

हिशेबनीस: मग शीर्षकातला 'की' काढून 'आणि' करा.

उंबरठा: नाही करणार.