लहान पक्ष्यांच्या हृदयाच्या पेशीपटलात डीएचए जास्त असते का?

टिटवी_२२ (प्रश्न):
सस्तन प्राण्यांबद्दल असे वाचनात आले की, शरीर जितके लहान तितके हृदयस्नायूच्या पेशीपटलातील (पेशीभोवतीच्या पातळ आवरणातील) डीएचए या मेदाम्लाचे (फॅटी ॲसिडचे) प्रमाण अधिक असते. आइसलँडचे संशोधक गुदबियार्नासन यांनी १९७०च्या दशकात उंदरापासून देवमाशापर्यंतच्या प्राण्यांत या प्रमाणाचा हृदयाच्या ठोक्यांच्या गतीशी संबंध दाखवला होता. पक्ष्यांतही असेच आढळते का, आणि त्यामागचे कारण काय असावे?

पेशीपुराण:
कल तसाच आहे, मात्र तो उडण्याच्या स्नायूंत अधिक ठळकपणे दिसून आला. ऑस्ट्रेलियातील हल्बर्ट, एल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम १३ ग्रॅमच्या झेब्रा फिंचपासून अवाढव्य ईमूपर्यंतच्या पक्ष्यांचे स्नायू तपासले, तेव्हा लहान पक्ष्यांच्या छातीच्या स्नायूंतील पटले अधिक असंतृप्त, म्हणजे मेदाम्लांत द्विबंध जास्त असलेली, आढळली.

कारणाबाबत त्यांचे म्हणणे असे, की चयापचयाची गती पटलच ठरवते. डीएचएच्या साखळीत २२ कार्बन आणि ६ द्विबंध असतात. ती सतत आकार बदलत राहते, त्यामुळे पटलात रुतलेल्या, पेशीतून सोडियम बाहेर टाकणाऱ्या सोडियम पंपासारख्या प्रथिनांना झपाट्याने काम करता येते. याची परीक्षा त्यांनी मोठ्या कल्पकतेने घेतली. गाय आणि मगर यांच्या पंपांची पटले आपसांत बदलली, तेव्हा गाईच्या पटलात मगरीचा पंप वेगवान झाला आणि मगरीच्या पटलात गाईचा मंदावला. मिनिटाला हजारावर ठोके देऊ शकणाऱ्या गुंजनपक्ष्याच्या हृदयाला असे चपळ पटल किती उपयोगी पडेल, हे सहज लक्षात येईल.

खारफुटी:
वरील प्रतिसादात खाद्याचा उल्लेख राहून गेला आहे. डीएचए ज्या गटात मोडते त्या ओमेगा-३ मेदाम्लांचा मूळ पुरवठा अन्नातूनच व्हावा लागतो. कॅनडातील फंडीच्या उपसागरात थांबणारे छोटे चिखलपक्षी ओमेगा-३ने समृद्ध अशा बारीक कवचधारी जीवांवर दोनेक आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करतात आणि मग न थांबता दक्षिण अमेरिकेकडे उडतात. त्या काळात त्यांच्या स्नायूंची पटलेही या आहारानुसार बदलतात. म्हणून निरनिराळे अन्न खाणाऱ्या पक्ष्यांची तुलना करून आकाराविषयी निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. लावा, तितर आणि टर्की अशा एकाच गणातील पक्ष्यांना एकच खाद्य देऊन केलेले मोजमाप मी अधिक विश्वासार्ह मानेन.

टिटवी_२२:
पण इतक्या असंतृप्त पटलाची काही किंमत मोजावी लागत असेलच ना? तेल खवट होते तसे हे पटलही होत असेल.

पेशीपुराण:
होते. दोनच द्विबंध असलेल्या लिनोलेइक आम्लाच्या तुलनेत डीएचएचे ऑक्सिडीकरण, म्हणजे हे खवट होणे, सुमारे आठपट सहज होते. या हानीचा आयुर्मानाशी संबंध जोडला जातो, त्यामुळे कबुतराचे उदाहरण फार बोलके ठरते. कबुतर आणि प्रयोगशाळेतील उंदीर (रॅट) यांचे वजन साधारण सारखे, तरी उंदीर जास्तीत जास्त ४ वर्षे आणि कबुतर ३५ वर्षांपर्यंत जगते. कबुतराच्या हृदयातील मेदाम्ले उंदराच्या मानाने कमी असंतृप्त असतात. म्हणजे केवळ वजन पाहून पटलाचा अंदाज बांधायचा, तर पक्ष्यांसाठी आणि सस्तन प्राण्यांसाठी रेषा वेगवेगळ्या काढाव्या लागतील.