मदत हवी आहे: पुढचे शॉकअप कडक कसे करायचे? (नागपूर, अर्जंट)

हिंगणा_टी_पॉइंट:
पुढचे शॉकअप ॲडजस्ट करायचे आहेत. किती फेरे द्यायचे आणि कोणत्या बाजूने, तेवढं सांगा. ब्रेक मारला की गाडी नाक घासते इतकी खाली बसते. सिमेंट रोड संपून डांबरी लागते तिथे खाडकन आवाज येते. शनिवारी पहाटे चिखलदऱ्याला निघायचं आहे. यूट्यूबवर सगळे क्लिक मोजून राहिले, माझ्या गाडीला क्लिकच नाही.

पाना_बारा_तेरा:
गाडी कोणती? किती चालली? तुमचं वजन किती, मागे कोणी बसणार का? फोर्क ऑइल (फोर्क म्हणजे पुढचे शॉकअप) शेवटचं कधी बदललं? याशिवाय काय सांगणार?

जुना_दोन_स्ट्रोक:
वीस-चाळीसचं इंजिन ऑइल टाका, फोर्कच्या दोन्ही पायांत थोडं जास्तच. आमच्या आरएक्स शंभरमध्ये आयुष्यभर तेच. विषय संपला.

पाना_बारा_तेरा:
काका, विषय आत्ता कुठे सुरू झाला. तेल जाड केलं तर शॉकअप दबायलाही हळू आणि वर यायलाही हळू. पारडीकडच्या रस्त्यावर लागोपाठ खड्डे आले की पहिल्या खड्ड्यातून वर येण्याआधीच दुसरा येतो. मग शॉकअप दबलेलाच राहतो आणि सगळा दणका मनगटात.

जुना_दोन_स्ट्रोक:
आमची मनगटं अजून शाबूत आहेत.

हिंगणा_टी_पॉइंट:
१५० ची साधी गाडी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर इथे त्याच्यावरच भांडण लागते. फोर्कच्या वर मोठा नट आहे, तोच फिरवायचा नं? पाना लावून पाहिला, थोडा हलला.

पाना_बारा_तेरा:
भाऊ, थांबा! तो नट ॲडजस्टर नाही, फोर्कची टोपी आहे. खाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. गाडी स्टँडवर असताना टोपी सुटली तर ती उडून तोंडावर येईल आणि गाडी समोर बसेल. जेवढी हलली तेवढी परत कसा.

ॲडजस्टर असला तर टोपीच्या मधोमध छोटा स्क्रू किंवा घुंडी दिसते. तुम्ही पाहिलं ते बहुतेक केटीएम ३९० ॲडव्हेंचरसारख्या गाडीचं असेल. तिथे एका पायात दबण्याचं आणि दुसऱ्या पायात परत येण्याचं सेटिंग असतं. आधी घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करतात, मग उलटे क्लिक मोजतात. साध्या फोर्कमध्ये तेल, स्प्रिंग आणि स्पेसर (स्प्रिंगवर ठेवायचा पाईपचा तुकडा) एवढंच हातात असतं.

सावजी_कमी_तेल:
खाचांची रिंग असते, ती सी-पान्याने वरच्या खाचेत टाका. मिसेस मागे बसली की मी तेच करतो, एकदम मस्त चालते.

फुटाळा_रात्री_दहा:
ते मागचे शॉकअप झाले बावा. प्रश्न पुढचा आहे. वरून मागचा उंच केला की वजन अजून पुढे येते, म्हणजे याचं नाक अजून घासेल.

सावजी_कमी_तेल:
मी आपला अनुभव सांगितला.

कोथरूडकर:
टोपीखाली स्पेसर टाकून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवा. स्प्रिंग कडक होते. आमच्याकडे पुण्यात सगळे तेच करतात.

पाना_बारा_तेरा:
स्प्रिंग कडक होत नाही हो. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी आणि वेटोळ्यांवर ठरतो. स्पेसरने गाडी फक्त उंच उभी राहते, बसल्यावर कमी खचते. स्पेसर टाकण्याआधी खच मोजा. फोर्कच्या चकचकीत पाईपवर प्लास्टिकची केबल टाय बांधा, खालच्या रबरी डस्ट सीलला टेकवा, हलकेच गाडीवर बसा आणि हलकेच उतरा. मग दोघांनी समोरचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांब करा आणि टाय सीलपासून किती वर आहे ते मोजा. फोर्क एकूण १३० मिलिमीटर दबत असेल तर साधारण ४० खचणं ठीक. साठच्या वर गेलं तर स्प्रिंग थकली किंवा तुमचं वजन जास्त.

कोथरूडकर:
बसल्यावर कमी खचते म्हणजेच कडक होते ना? शब्दांचे खेळ आहेत.

पाना_बारा_तेरा:
नाही. खड्ड्यावर मिलिमीटरमागे तेवढंच बळ लागतं. असो, तुम्ही जिंकलात, खच मात्र मोजा.

फुटाळा_रात्री_दहा:
मला तर आवाज ऐकूनच कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) वाटते. मेन स्टँडवर लावून समोरचं चाक हवेत घ्या, दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ढकला. कट्कट् झालं तर कोनसेट ढिला. हँडल हळू फिरवून पाहा, मधोमध अडकलं तर बदलायलाच लागते.

हिंगणा_टी_पॉइंट:
केलं. काही हलत नाही, हँडलही मोकळं आहे. मागच्या महिन्यातच दोन्ही ऑइल सील नवीन टाकून घेतले, त्यामुळे फोर्क ठीकच असणार.

पाना_बारा_तेरा:
सील नवीन? हेच तर पहिल्याच प्रश्नात विचारलं होतं! सील बदलताना तेल काढून नवीन भरतात. कोणतं भरलं, किती भरलं?

हिंगणा_टी_पॉइंट:
ते मेकॅनिकला माहीत. घराजवळचं गॅरेज आहे. त्याला फोन केला तर म्हणते "बरोबर भरलं".

पाना_बारा_तेरा:
'बरोबर'ला आकडा लागतो. तेलाच्या वर जी हवा उरते, तीसुद्धा स्प्रिंगसारखं काम करते. तेल कमी म्हणजे हवा जास्त, मग ब्रेक मारला की फोर्क तळाला आदळतो आणि परत येतानाही ठोका देतो. तुमची दोन्ही लक्षणं जुळली.

दुसऱ्या गॅरेजला समोर उभं राहून करून घ्या. पाय काढण्याआधीच, वरचा क्लॅम्प सैल करून, टोपीला पहिला झटका द्यायचा, नाहीतर नंतर पाय धरायला जागा नसते. स्प्रिंग बाहेर, पाईप हळूहळू वर-खाली करून बुडबुडे काढायचे, मग फोर्क पूर्ण दाबून वरच्या काठापासून तेलापर्यंत मोजायचं. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याही नाही. दोन्ही पाय सारखे. ब्रेकचा कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) त्याच्या नळीवर लटकता ठेवू देऊ नका.

जुना_दोन_स्ट्रोक:
पण कोणतं तेल ते सांगितलं नाही. वीस-चाळीस.

पाना_बारा_तेरा:
मॅन्युअलमध्ये १० डब्ल्यू (तेलाच्या जाडीचा आकडा) असेल तर १० डब्ल्यू फोर्क ऑइल. दोन कंपन्यांचं १० डब्ल्यू सारखं जाड असेलच असं नाही, म्हणून जे टाकाल त्याचं नाव लिहून ठेवा.

चिखल_चिखल_दरा:
तेल झाल्यावर समृद्धीवर नेऊन शंभरला ब्रेक मारून पाहा, लगेच कळेल.

फुटाळा_रात्री_दहा:
समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे. काहून पोट्ट्याला दंड लावतो.

सावजी_कमी_तेल:
पहाटे निघाल तर तर्री पोहे नागपुरातच खाऊन घ्या.

हिंगणा_टी_पॉइंट:
झालं. डाव्या पायात तेल उजव्याच्या निम्म्यालाही नव्हतं. आता दोन्हीत १० डब्ल्यू, मॅन्युअलच्या मापाने. ठोका गेला, नाक थोडं बसते, पण तेवढं चालते. आता हात सैल सोडला की गाडी किंचित डावीकडे जाते. आज रात्रीच सांगा.

पाना_बारा_तेरा:
ॲक्सल (चाकाचा दांडा) आणि त्याच्या खालचा, त्याला आवळून धरणारा पिंच बोल्ट सैल करा. गाडी जमिनीवर उभी ठेवून, पुढचा ब्रेक धरून हँडलने तीन-चार वेळा जोरात दाबा, पाय आपोआप सरळ बसतात. मग आधी ॲक्सल कसा, पिंच बोल्ट शेवटी. दोन्ही टायरची हवाही पाहा.

हिंगणा_टी_पॉइंट:
सरळ चालून राहिली. पेट्रोल परतवाड्यात भरू की वर चिखलदऱ्यात?

फुटाळा_रात्री_दहा:
परतवाड्यात भरा. घाटात प्रयोग नको.