नवरा-बायको, एक केबिन आणि आठ दिवस: जमतं का?

दुपारचीझोप विचारते:

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मुलं आपापल्या मार्गाला लागली, आता पहिल्यांदाच दोघंच कुठेतरी निवांत जायचं म्हणतोय. मला क्रूझ खुणावतेय. नवरा म्हणतो, "तरंगतं हॉटेल ते, भांडण झालं तर पळून जायलाही जागा नाही." तो पहाटे पाचला उठून चालायला जाणारा, मी सुट्टीत नऊच्या आत डोळे न उघडणारी. कुठेही गेलो तरी तिसऱ्या दिवशी आमचं वाजतंच. त्यातून त्याला बसमध्ये मागे बसलं तरी मळमळतं.

बाल्कनीची केबिन घ्यावी का, त्याच्या मळमळीचं काय करावं, आणि मुख्य म्हणजे आठ दिवस एकमेकांना सोसू का? जोडीनं जाऊन आलेल्यांनी सांगा. जाहिरातीतलं नको, ते पाठ झालंय.

नांगरटाकलेली:

आमच्या सहा झाल्या. पहिलीत तिसऱ्या दिवसापासून अबोला होता, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी आतून कळला.

पळून जायला जागा नाही हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं आधी खोडून काढते. मी एकदा आमच्या ह्यांना पाऊण तास शोधत होते आणि हा माणूस माझ्याच डोक्यावरच्या डेकवर गोल गोल फेऱ्या मारत होता. जहाजावर हरवणं सोपं, सापडणं अवघड. आमचं पहिल्या वेळी बिनसलं ते वेगळ्याच कारणानं. सुट्टी म्हणजे सगळं जोडीनंच करायचं, असं आम्ही न बोलताच धरून चाललो होतो. ते पहाटे उठायचे आणि मला त्रास नको म्हणून अंधारात बुटांच्या नाड्या शोधत बसायचे. त्या खुडबुडीनं मला जाग यायची. मग मी चिडायची, आणि "मी तर आवाजच केला नाही" म्हणून ते चिडायचे.

दुसऱ्या खेपेपासून ते पहाटे एकटे वर जातात. बंदर जवळ आलं की पायलटची, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याची, छोटी बोट येते, चालत्या जहाजाला अंग घासत राहते आणि एक माणूस लोंबत्या शिडीवरून सरळ वर चढतो. हे त्यांनी पाहिलं तेव्हा मी झोपले होते. नाश्त्याला त्यांनी ते हातवारे करून सांगितलं, शिडी कशी झुलत होती, वरच्या खलाशानं हात कधी दिला. इतक्या वर्षांत ह्या माणसाकडून मला सकाळी सकाळी नवी बातमी मिळाली नव्हती. पुढच्या बंदराला मी आपणहून उठले. एकदाच. सवय नाही लागली.

आता केबिन. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही. मला ते फार मानवतं, पण आमच्यांना वाजले किती कळायचं नाही. बाल्कनी म्हणजे समुद्र दिसायची सोय, असं सगळे सांगतात. माझ्या लेखी ती दुसरी खोली आहे. मी पडदा ओढून झोपते, ते बाहेर खुर्चीत बसतात, मधे काच. दोन वेगळ्या घड्याळांच्या माणसांना याहून बरी सोय नाही.

पण केवळ देखाव्यासाठी घेऊ नका. अलास्कात ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात गेलो तेव्हा दोघांचीही बाल्कनी ओस पडली होती, आम्ही उघड्या डेकवर. तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू फिरतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना सगळं दिसतं. आम्ही तासभर गारठून उभे होतो. बर्फाचा एक सुळका सुटला, निःशब्द खाली आला, पाणी उसळलं, आणि मग आवाज. आधी दृश्य, नंतर गडगडाट. एरवी सतत बोलणारे आमचे हे त्या मधल्या क्षणात माझी बाही धरून होते. बाही सोडली तेव्हा कापड चुरगळलेलं होतं.

आणि ज्यावरून आम्ही अजून भांडतो ते ग्रीसमधलं सँटोरिनी बेट. तिथे मोठी जहाजं खोल पाण्यात उभी राहतात, माणसं छोट्या टेंडर बोटींनी जुन्या बंदरावर उतरतात. फिरा नावाचं गाव वर कड्यावर. खाली यायला केबल कार, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या, त्याही गाढवांच्या वाटेच्या. परतताना केबल कारची रांग गल्लीच्या वळणापलीकडे गेलेली. ते म्हणाले पायऱ्यांनी जाऊ, मी म्हटलं माझे गुडघे नाहीत ते. मग ठरवून वेगळे झालो. फोन दोघांचेही बंद, कारण रोमिंगची भीती. ते अर्ध्या तासात खाली, मी रांगेतच. शेवटच्या टेंडरची वेळ झाली. बोटीवरचा मुलगा त्यांना "चला सर" म्हणत होता आणि हे दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर मांडी घालून बसले होते, ती आल्याशिवाय हलणार नाही म्हणून. मी पळत पोहोचले तर पहिलं वाक्य काय? "पायऱ्यांनी आली असतीस तर?" मी अख्खी संध्याकाळ बोलले नाही. पण खुंट्यावरचं ते बसणं मी विसरलेले नाही.

एवढं मात्र नीट लक्षात ठेवा: स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही, पुढच्या बंदरावर स्वखर्चानं गाठायचं. जहाजातर्फे घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जबाबदारी त्यांची. जिथे टेंडर आहे तिथे तरी वेगळं व्हायचं नाही, हा आमच्या घरातला आता कायदा आहे.

नदीकाठ:

वरचं सगळं मान्य, पण ज्याला बसमध्ये मळमळतं त्याला थेट समुद्रात का ढकलताय? नदीवरची क्रूझ बघा. आम्ही जर्मनीत ऱ्हाइन नदीवर गेलो होतो. बिंगेन ते कोब्लेंझ हा साधारण ६५ किलोमीटरचा टप्पा, दोन्ही काठांवर गढ्या आणि द्राक्षमळे. २००२ पासून तो जागतिक वारसा आहे. पाण्याला लाट अशी नाहीच. जहाज छोटं, बहुतेक वेळा गावाच्या मध्याजवळच लागतं, म्हणजे पहाटे पाचवाल्याला उतरून चालायला मोकळं रान.

तोटेही सांगतो. धक्क्यावर जागा कमी असली की जहाजं एकमेकांना खेटून बांधतात. एका सकाळी आमच्या बायकोनं पडदा सरकवला तर हातभर अंतरावर शेजारच्या जहाजातले एक आजोबा दात घासत होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला म्हणे. आणि नदीचं पाणी उतरलं की जहाज अडतं, मग काही पल्ला चक्क बसनं. म्हणजे फिरून तुमच्या नवऱ्याची बसच.

चष्मेवाला:

मळमळीबद्दल थोडं. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग हलतंय म्हणतो, त्या भांडणाचा हा त्रास. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या. सी-सॉच्या मधोमध बसल्यासारखं, टोकांना हेलकावे जास्त. बरं वाटेनासं झालं की पुस्तक, फोन बाजूला ठेवून क्षितिजाकडे बघत राहायचं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंख असतात, ते डावी-उजवी डोलणं कमी करतात, पुढचं टोक वर-खाली होणं मात्र त्यानं थांबत नाही.

गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर फारसा उपयोग नाही. कानामागे लावायची पट्टीही मिळते, पण काचबिंदू किंवा लघवीला अडथळा असेल तर ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हे मी स्वतः न विचारता करून पाहिलेलं आहे. दोन दिवस तोंड कोरडं आणि नजर धूसर, बायकोनं हात धरून जेवायला नेलं.

दुपारचीझोप:

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला. खुंट्याच्या गोष्टीवर तो म्हणाला, "बरोबरच आहे, पायऱ्यांनी यायला हवं होतं." मी फोन बाजूला ठेवला.

ठरलंय असं: समुद्रच, पण मधल्या भागात, खालच्या डेकवर, बाल्कनी मिळाली तर मिळाली. पहाटे त्यानं वर जायचं आणि बूट आदल्या रात्रीच दाराशी काढून ठेवायचे. नदीची कल्पना पुढच्या खेपेला ठेवली. बिनखिडकीच्या केबिनची भीती मला नाही, त्याला आहे.

एक राहिलंच. एवढ्याशा खोलीत दोघांचे ओले कपडे, टोप्या, पिशव्या टांगायच्या कुठे?

नांगरटाकलेली:

लोहचुंबकाचे हूक न्या, डझनभर. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, हूक चटकन चिकटतात. अर्धे त्याच्या बाजूच्या भिंतीला, अर्धे तुमच्या. आमच्याकडे त्यावरूनही वाद होतो, कारण माझे नेहमी कमी पडतात.