पंप रूममागचं वारूळ

सेक्रेटरी: मंडळी, टेकडीच्या भिंतीलगत पंप रूममागे एक मोठी घोरपड वारूळ उकरताना दिसली आहे. माळी उद्या ते वारूळ सपाट करणार होता. करू द्यायचं, की आधी सर्पमित्राला बोलावून घोरपड उचलायला सांगायची?

बी-२०३: दोन्ही नको. ऑगस्टात घोरपड वारूळ उकरतेय म्हणजे बहुधा अंडी घालायला. मादी भोक पाडते, वीसेक अंडी घालते आणि माती परत आत लोटून नाकाडाने दाबून बसवते. आसपास खोटी भोकंही पाडून ठेवते. त्यामुळे माळी "भोक रिकामं आहे" म्हणाला तरी त्यावर जाऊ नका.

ए-१०४: मग किती दिवस थांबायचं?

बी-२०३: दिवस नाही काका, महिने. १६८ ते २५४ दिवस लागतात. आज घातली असतील तर जानेवारीअखेर ते एप्रिलअखेर.

ए-१०४: अंडी अलगद काढून टेकडीवर पुरली तर?

बी-२०३: कोंबडीचं अंडं आणि हे यात फरक आहे. इथे गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो. अंडं उलटंपालटं झालं की तो दगावतो. शिवाय नेमकी तेवढी ऊब आणि ओल आपण कुठून आणणार?

सी-५०१: मुलं तिथेच खेळतात हो. शेपटीचा फटका बसला की पाय लुळा पडतो म्हणतात.

डॉक्टर काकू, डी-३०२: लुळा वगैरे काही नाही, वळ उठतो. विष टोचणारे दातही तिला नसतात. पण चावते जोरात आणि पटकन सोडत नाही. जखम झालीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला जायचं. रेबीजची भीती नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग.

बी-२०३: आणि ती स्वतःहून अंगावर येत नाही. आधी पळते. कोपऱ्यात कोंडली तर गळा नि अंग फुगवून फुत्कारते. तेव्हा काठी घेऊन पुढे जायचं नाही, तिची वाट मोकळी करून मागे सरायचं. दोन टोकांची जीभ सारखी आतबाहेर करते ती डंख मारायला नाही. हवेतला वास जिभेवर घेऊन टाळूतल्या अवयवाला लावते. कुठल्या टोकाला वास जास्त, त्यावरून भक्ष्याची दिशा कळते.

ई-१०१: भिंतीवर नायलॉनची जाळी मारली तर प्रश्नच मिटेल ना?

बी-२०३: उलट वाढेल. डोकं आत जातं, खवले अडकतात, आणि जितकी ओढाताण तितका दोरा मांसात रुततो. अडकलेली दिसली तर ओढू नका. डोक्यावर ओलं गोणपाट टाका, अंधार झाला की शांत होते. मग १९२६ वर वनविभागाला फोन. शेपटीला धरून तर कधीच उचलू नका. पालीसारखी ती शेपूट टाकत नाही, आणि तुटली तर पुन्हा येत नाही. तळमजल्याच्या गटारांना मात्र अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी जरूर बसवा.

सेक्रेटरी: कचराकुंडीपाशी उंदरांचं औषध ठेवलंय, ते?

बी-२०३: उचला आजच. औषध खाल्लेला सुस्त उंदीर तिला आयता मिळतो आणि विष तिच्या पोटात जातं. त्यापेक्षा पिंजरे लावा. तसं पाहिलं तर उंदीर, भुंगेरे, गोगलगायी ती फुकटात खाते, पेस्ट कंट्रोलवाल्यासारखं बिल लावत नाही.

ए-१०४: तानाजीची यशवंती मग खरी का?

बी-२०३: काका, मोठ्यात मोठी घोरपड सात किलोच्या आसपास. तिच्या दोराला लटकणारा मावळा साठ किलोंचा. नखांची पकड जबरदस्त असते, बिळात अंग फुगवून बसली की ओढून निघत नाही हेही खरं. पण उघड्या कड्यावर एवढा भार पेलणं अवघडच.

डॉक्टर काकू, डी-३०२: एक राहिलं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारली, पकडली किंवा अंडी काढली तर तुरुंगवास आहे. तेल, कातडं, "हत्ताजोडी" विकायला कोणी गेटवर आलं तर वॉचमनला सांगून ठेवा. हत्ताजोडी म्हणजे झाडाचं मूळ नाही, नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं.

सेक्रेटरी: बरं. वारूळ मेअखेरपर्यंत तसंच. चार बांबू नि सुतळीचं कुंपण, दहा फूट लांबून. माळ्याला आत्ताच कळवतो.

बी-२०३: आणि त्या पट्ट्यात ग्रासकटर फिरवू नका म्हणावं. पिल्लं बाहेर पडली की जवळच्या झाडांवर चढतात. तिथल्या करंजाची छाटणीही जूननंतरच करा.