विषय: स्नॅपर मासा पकडायला बोटीने जायचंय, सुरुवात कशी करावी? (ऑकलंड)

प्रेषक: अनुजा

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं ऑकलंडला येऊन वर्ष होत आलं. धक्क्यावरून गळ टाकून पाहिला. हाताएवढे मासे लागले, ते सगळे परत सोडले. आता बोटीने जाऊन स्नॅपर पकडायची फार इच्छा आहे. मंडळातर्फे मोठी बोट ठरवून वीसेक जणांची सहल काढता येईल का? की आधी कुणाबरोबर जाऊन शिकावं? माझं माहेर पुण्याचं, नवरा नागपूरचा, त्यामुळे समुद्राचं आम्हाला काहीच माहीत नाही. अगदी प्राथमिक सांगितलंत तरी चालेल.

अनुजा

प्रेषक: दिनेश

अनुजा,

सहल जरूर काढा, मजा येते. पण स्नॅपर शिकायचा असेल तर लहान बोटीत, एका मित्राबरोबर, दोघांनीच जा. मोठ्या बोटीवर वीस दोऱ्या एकदम पाण्यात असतात. त्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून जड शिसं लावून सरळ तळाला सोडतात. मासे मिळतात, नाही असं नाही. पण आमिषाशी मासा काय करतोय ते बोटांना कळत नाही, आणि खरं शिकायचं असतं ते तेवढंच.

मी वेंगुर्ल्याचा. लहानपणी खडपावर बसून गरवायचो. इथला स्नॅपर पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपली तांबोशीच वाटली. पण हा त्या कुळातला नाही, तो आपल्या पालूचा भाऊबंद. माओरी त्याला तामुरे म्हणतात.

ऑकलंडच्या पूर्वेच्या हौराकी आखातात ऑक्टोबरच्या शेवटाला पाणी तापायला लागतं. ते १८ अंशांच्या आसपास गेलं की स्नॅपर अंडी घालायला थव्याने आत येतो. मोटुइहे चॅनेलमध्ये तेव्हा बोटींची रांग लागते. मला स्वतःला ती गर्दी आवडत नाही. मार्च-एप्रिल जास्त आवडतो. अंडी घालून झालेली असतात, मासा खाऊन खाऊन भरलेला असतो, आणि खडपाजवळ उथळ पाण्यात सापडतो.

आम्ही जे करतो त्याला इथे स्ट्रेलायनिंग म्हणतात. प्रवाह ज्या अंगाने येतो त्या अंगाला, खडपापासून जरा लांब नांगर टाकायचा, म्हणजे बोटीची शेपटी खडपाकडे वळते. मागच्या बाजूला जाळीच्या पिशवीत बर्ली बांधायची. बर्ली म्हणजे माशांचा गोठवलेला चुरा, तो विरघळत प्रवाहाबरोबर खडपाकडे जातो आणि वासाने मासा येतो. मग पिल्चर्ड नाहीतर बोनिटो माशाचा तुकडा गळाला लावून जवळजवळ शिशाशिवाय सोडायचा. शिसं लावलंच तर वाटाण्याएवढं, दोरीवर मोकळं सरकणारं. आमिष असं पडलं पाहिजे की जणू त्या चुऱ्यातलाच एक तुकडा वाहत आलाय.

आता हाताचं सांगतो, कारण सगळं इथेच आहे. रीळ मोकळं ठेवायचं, दोरी अंगठ्याखालून जाऊ द्यायची. आधी टकटक येते, ती बारक्यांची, ते नुसतं कुरतडतात. तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. मग टकटक एकदम थांबते. मोठा आला की बारके बाजूला होतात. त्यानंतर दोरी हळूच सरकायला लागते, आधी कचरत, मग सरळ पळत. इथे घाई केली की आमिष तोंडातून निसटतं. थोडी पळू द्यायची आणि मग रीळ बंद करायचं. गोल वळणाचे सर्कल हुक असतील तर हिसका मुळीच द्यायचा नाही, नुसतं स्थिर गुंडाळत जायचं. हुक आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. आम्ही तेच वापरतो, कारण ते सहसा पोटात जात नाहीत आणि सोडलेला मासा जगतो.

स्नॅपर लागलाय हे लगेच कळतं. तो डोकं झटकतो, धप धप धप, काठीच्या टोकापासून कोपरापर्यंत जाणवतं. कहवाई, म्हणजे इथला दुसरा एक मासा, लागला तर सुसाट इकडून तिकडे पळतो, वर उडी मारतो. स्नॅपर खाली खडपाकडे ओढतो. पाण्यातून वर येतो तेव्हा अंग तांबूस-गुलाबी आणि त्यावर निळे ठिपके, जणू आतून दिवा लावलाय. हे ठिपके बोटीत आल्यावर थोड्या वेळात फिके पडतात. म्हणून पहिला मासा वर येताना मोबाइल काढत बसू नकोस, डोळ्यांनी बघ. पाठीवरचे काटे मात्र टोकदार असतात. पकडताना ओला हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवून काटे दाबून धरायचे.

नियम: आखाताच्या बाजूला माणशी दिवसाला ७ आणि लांबी किमान ३० सेंटिमीटर. २०१४ पर्यंत ९ आणि २७ होते. मनुकाउच्या बाजूला, म्हणजे पश्चिम किनाऱ्याला, १० आणि २७ आहेत. एकाच शहरात दोन नियम, तेव्हा कुठल्या बाजूने बोट उतरवतोय ते लक्षात ठेव. मोजायचं नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यातल्या मधल्या टोकापर्यंत. समुद्रात हौसेने मासे धरायला परवाना लागत नाही, पण धरलेला मासा विकता येत नाही, कशाच्या बदल्यात देताही येत नाही.

आता दोघांनीच का, ते. बोट मिलिंदची आहे. तो सांगलीचा, समुद्र इथे येऊन शिकला आणि आता माझ्यापेक्षा बरा जाणतो. आमच्यात काही गोष्टी पहिल्यापासून ठरलेल्या आहेत. एक, पेट्रोल, आमिष, बर्फ माझ्याकडे. बोट, ट्रेलर आणि त्यांचा सगळा खर्च त्याच्याकडे आहेच, त्यात मी भर टाकायची नाही. दोन, घरी आल्यावर बोट धुतल्याशिवाय मासा साफ करायला बसायचं नाही. तीन, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: दोघांपैकी कुणीही "परत फिरू" म्हणालं की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. इंजिन सुरू करायचं. मासे लागत असतानाही. ज्याच्याबरोबर हे पाळता येतं त्याच्याबरोबरच समुद्रावर जावं, मग तो कितीही निष्णात असो वा नवखा.

दिनेश

प्रेषक: मिलिंद

दिन्याने लिहिलंय त्यात वाऱ्याचं राहिलं, ते मी लिहितो.

अनुजा, आमची बोट साडेपाच मीटरची. वाऱ्याचा अंदाज १५ नॉटच्या (ताशी साधारण २८ किलोमीटरच्या) वर गेला की आम्ही निघत नाही, मग आठवडाभर वाट पाहिलेली असली तरी. नुसता वाऱ्याचा आकडा बघून भागत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक शेजारी ठेवून वाचायचं. वारा एकीकडून आणि प्रवाह त्याच्या विरुद्ध असला की चॅनेलमध्ये लाटा उभ्या होतात, आखूड आणि खड्या. सकाळी जाताना जे पाणी सपाट होतं तेच दुपारी प्रवाह उलटल्यावर ओळखू येत नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं पाहिजे, मुलाला मोठ्यांचं घालून चालत नाही. आणि ते सीटखाली नको, अंगावर हवं. व्हीएचएफ रेडिओ चालू, संकटाचं चॅनेल १६. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून खिशात. कोस्टगार्डला निघताना कुठे जातोय आणि कधी परत येणार ते कळवायचं, आल्यावर आलो म्हणूनही कळवायचं. हे दुसरं बरेच जण विसरतात.

नांगराबद्दल: कॉलर्पा नावाची परदेशी शेवाळाची जात २०२१ मध्ये ग्रेट बॅरिअर बेटापाशी सापडली, नंतर कावाउ आणि वायहेके बेटांपाशीही. तिचा नखाएवढा तुकडा नांगराला किंवा साखळीला चिकटून दुसरीकडे गेला तरी तिथे रुजतो आणि तळ झाकून टाकतो. म्हणून नांगर वर घेतला की तिथल्या तिथे साखळी कडी-कडीने बघायची. काही भागांत नांगर टाकायलाच बंदी आहे. २०२५ च्या कायद्याने आखातात नवी संरक्षित क्षेत्रंही आली आहेत, तेव्हा सरकारी नकाशा ताजा बघितल्याशिवाय कुठल्याही खडपाजवळ थांबू नका. दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलेली "हमखास जागा" आज बंद असू शकते.

मिलिंद

प्रेषक: सतीश

दिनेश, मिलिंद,

तुमचं सगळं पटलं, पण एक गोष्ट सोडून. मोठ्या बोटीला एवढं कमी लेखू नका. माझं वय सत्तरच्या पुढे गेलं, गुडघे लहान बोटीत साथ देत नाहीत. मोठ्या बोटीवर बसायला जागा असते, संडास असतो, गळ बांधून द्यायला माणूस असतो. मंडळात माझ्यासारखे बरेच आहेत, शिवाय लहान मुलं असलेलीही आहेत. आणि ज्याच्या ओळखीत बोटवाला मित्र नाही त्याने काय करायचं? अनुजाने सुचवलेली सहल निघायला हवी. मी नाव देतो.

सतीश

प्रेषक: दिनेश

सतीशकाका,

तुमचं म्हणणं मान्य. सहल निघाली तर गळ बांधायला आणि आमिष लावायला मी येतो. माझा आग्रह एवढाच की शिकायला म्हणून आलेल्या माणसाने त्यानंतर एकदा तरी लहान बोटीत यावं. मित्र नाही म्हणता, तर तो जुळवून देणं हेच मंडळाचं काम. बोट असलेल्या बऱ्याच जणांना बरोबर यायला माणूस मिळत नाही. एकट्याने नांगर, सुकाणू, जाळं सांभाळायचं म्हणून बोटी अंगणात झाकून पडल्यात. बोटवाल्यांनी आणि यायला इच्छुक असणाऱ्यांनी इथेच नावं द्यावीत, जोड्या मी लावतो.

दिनेश

प्रेषक: माधवी

मंडळी, पकडण्याचं बोलून झालं असेल तर स्वयंपाकघरात या.

मासा बोटीवरच नीट मारा आणि लगेच थंड करा. पद्धत अशी: डोक्यात डोळ्याच्या किंचित मागे-वर टोकदार सळी खुपसली की मासा त्याच क्षणी जातो, तडफडत नाही. मग बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र केलेल्या खोक्यात. नुसत्या बर्फावर ठेवलेला खालून गार आणि वरून कोमट राहतो. उन्हात बादलीत तासभर ठेवून आणलेला मासा मी एका चिमटीत ओळखते, मांस दाबलं की खड्डा तसाच राहतो.

खवले पोट फाडायच्या आधी काढा आणि अंगणात काढा. स्नॅपरचे खवले नखाएवढे असतात, पार पडद्यांपर्यंत उडतात.

आणि डोकी टाकू नका! इथे लोक दोन बाजूंचे तुकडे सोलून घेतात आणि डोकं, काट्याचा सांगाडा, सगळं टाकून देतात. मला ते बघवत नाही. स्नॅपरच्या गालाचा तुकडा आणि कल्ल्यांमागची जाड पट्टी हे त्याचं सगळ्यात गोड मांस. डोकं उभं चिरून घ्या, कल्ले पूर्ण काढा, नाहीतर कालवण कडू होतं. ओलं खोबरं, धणे, सुकी मिरची, थोडा कांदा, हळद, वाटण अगदी गुळगुळीत. आंबटाला कोकम. तिरफळ नको. तिरफळ बांगड्यासारख्या तेलकट माशाला शोभतं. इथे ते घालायचंच तर कहवाईला घाला. कहवाई पकडल्या पकडल्या रक्त काढून टाकलेला असेल तर आपल्या तिखल्यात बांगड्याची उणीव जाणवत नाही. कहवाईला इथे कोणी फारसं विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. स्नॅपरचा रस्सा सौम्य ठेवा आणि उकळी फुटल्यावर डवल्याने ढवळू नका, पातेलं धरून हलवा.

घरात डोकी खाणारं कुणी नसेल तर माङ्गेरे उपनगरातल्या पापातुआनुकु कोकिरी मराईला, म्हणजे माओरींच्या सामुदायिक जागेत, पोचवा. काई इका नावाचा उपक्रम तिथे २०१६ पासून चालतो. मच्छीमारांकडून डोकी आणि सांगाडे गोळा करून ते लोकांना देतात, आणि ती घ्यायला लोक आनंदाने येतात. ओकाहू बेच्या बोट क्लबातूनही ते गोळा करतात. डोक्याला मान देणारी माणसं इथे आधीपासून आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

माधवी

प्रेषक: अनुजा

माधवीताई, दिनेशदादा, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. मोठा मासा लागला तर ठेवावा की सोडावा, यावर वेगवेगळं ऐकलंय. आणि आमची मुलगी सहा वर्षांची आहे, तिला लगेच बोटीत न्यावं का?

प्रेषक: दिनेश

अनुजा,

कायद्याने मोठा ठेवता येतो. आम्ही सोडतो. स्नॅपर साठ वर्षांपर्यंत जगू शकतो. ३० सेंटिमीटरचा मासाच साधारण पाच-सहा वर्षांचा असतो, तर इथे ज्याचं एवढं कौतुक तो वीस पौंडी केवढा जुना असेल! मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते. शिवाय खायला ३५-४० चा मासा जास्त चांगला, मोठ्याचं मांस राठ लागतं. सात मिळतात म्हणून सात आणायचे असंही नाही. घरी दोन वेळा पुरतील एवढे झाले की आम्ही गळ गुंडाळतो.

मुलीला बोटीच्या आधी ली गावाजवळच्या गोट आयलंडला घेऊन जा. १९७५ पासून ते राखीव आहे, देशातलं पहिलं सागरी अभयारण्य. तिथे गळ टाकायचा नाही, काही उचलायचंही नाही. पाण्यात चष्मा लावून नुसतं तरंगलं तरी कंबरभर पाण्यात मोठाले स्नॅपर अंगाजवळून जातात. काय पकडायला निघालोय ते तिला आधी जिवंत बघू दे. मग उन्हाळ्यात एखाद्या शांत सकाळी, तिच्या मापाचं जॅकेट घेऊन, दोन तासांसाठी बोटीत.

तुम्हा दोघांपैकी एकाची जागा मिलिंदच्या बोटीत या शनिवारी आहे, मी किनाऱ्यावर थांबतो. पहाटे साडेपाचला हाफ मून बेच्या रॅम्पवर या. आमिष मी आणून ठेवलंय. उलटीची गोळी घेणार असाल तर निघायच्या तासभर आधी घ्या, आणि वाऱ्याचा अंदाज बदलला तर मिलिंद शुक्रवारी रात्री कळवेल.

दिनेश