चाळिशीनंतर वाट बदलणारी, अनेक कलांत रमणारी व्यक्ती : योग्य शब्द कोणता?

गोदाकाठ
नाशिकमधल्या एका प्रदर्शनाच्या पत्रिकेसाठी कलाकार बाईंची चार ओळींत ओळख लिहायची आहे. वय ४८. आधी अंबडच्या कारखान्यात टूल डिझाइनर, आता मातीची भांडी घडवतात. जोडीला सुलेखन आणि बासरी. 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' हे वापरून वापरून गुळगुळीत झालंय, ते नको. अष्टपैलू, हरहुन्नरी, चतुरस्र यांपैकी काय चालेल?

लाल पेन
तिन्ही कौतुकाचे शब्द, पण छटा वेगळ्या. 'अष्टपैलू' रत्नाच्या पैलूंवरून आला. क्रिकेटने त्याला फलंदाजी आणि गोलंदाजी अशा दोन पैलूंवर आणून ठेवलं. 'हरहुन्नरी' फारसीकडून आलेला: हर म्हणजे प्रत्येक, हुन्नर म्हणजे कसब. त्यात हाताची किंवा अंगची करामत अपेक्षित असते. नट हरहुन्नरी असतो, कारागीर असतो. 'हरहुन्नरी विचारवंत' कानाला खटकतं. कुंभारकाम आणि सुलेखन असेल तर हाच जवळचा.

'चतुरस्र' लिहायचाच असेल तर नीट लिहा. चतुर् + अस्र, अस्र म्हणजे कोपरा. 'चतुरस्त्र' लिहिलंत की बाईंच्या हातात चार अस्त्रं येतात. छापील पत्रिकांत ही चूक सर्रास दिसते.

आणखी एक: हे तिन्ही शब्द दुसऱ्याने म्हणायचे. मजकूर बाईंच्याच तोंडी असेल तर तिन्ही गाळा.

त्र्यंबकरोड
शब्द बरोबर, पण प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. हे तिन्ही शब्द एकाच वेळी अंगी असलेल्या गुणांविषयी बोलतात. एक काम सोडून दुसरं धरलं, हे त्यांतून कळत नाही.

दादासाहेब फाळक्यांचंच बघा. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, मग छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छपाईचा व्यवसाय, मधेच जादूचे प्रयोग. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लोकांपुढे आला तेव्हा वय ४३. त्यांना नुसतं 'हरहुन्नरी' म्हटलं तर हा क्रम पुसला जातो, आणि आधीची कामं सिनेमात कशी उपयोगी पडली तेही दिसत नाही. रसायनं आणि भिंगं छायाचित्रणातून आली, दृष्टिभ्रमाची जाण जादूतून.

गोदाकाठ
मग या क्रमासाठी नाम कोणतं?

त्र्यंबकरोड
रुळलेली आहेत ती बहुतेक टोमण्याची: धरसोड, उपद्व्याप, 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. म्हणून नाम शोधत बसू नका, क्रियापद वापरा. मराठी तिथे श्रीमंत आहे. 'कुंभारकामाकडे वळल्या' यात विचारपूर्वक दिशा बदलणं आहे. 'व्यवसायात उतरल्या' यात भांडवल आणि तयारी. 'धंद्यात पडल्या' म्हणजे जोखीम, थोडा नाइलाजही. 'शिरल्या' म्हटलं की वाचक संशयाने बघतो.

'खांदेपालट' टाळा, तो आता पदांवरची माणसं बदलण्याचा शब्द झालाय. 'कात टाकली' हे शहराला, संस्थेला शोभतं. कात टाकून साप सापच राहतो, इथे तर कामच बदललंय.

लाल पेन
कारखाना सोडल्याचं कसं लिहिणार तेही ठरवा. 'सेवानिवृत्त' म्हणजे ठरलेलं वय गाठून बाहेर पडणं. 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द योजना किंवा नियम असेल तरच. राज्य सरकारी सेवेत त्यासाठी वीस वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. खाजगी कंपनीत कंपनीने तशी योजना काढलेली असावी लागते. स्वतःहून सोडली असेल तर तो राजीनामा. आणि 'माजी अभियंता' नको. 'माजी' पदाला लागतं, शिक्षणाला नाही. माजी मुख्याध्यापक चालतो, अभियंता मात्र अभियंताच राहतो.

वयाबद्दल : 'चाळिशी' लिहा, 'चाळीशी' नाही. 'चाळिशी लागली' म्हणजे चष्मा लागला, हेही ध्यानात असू द्या. ४८ ला 'पन्नाशीकडे झुकलेल्या' म्हणता येईल, पण पत्रिकेत सरळ आकडाच बरा.

गोदाकाठ
असं जमेल का?

"अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं टूल डिझाइनर म्हणून काम केल्यानंतर ४५ व्या वर्षी त्या पूर्णवेळ कुंभारकामाकडे वळल्या. चाकावर घडवलेल्या भांड्यांवर त्या देवनागरी सुलेखन करतात. अभियंता, कुंभार, सुलेखनकार, बासरीवादक असं हे हरहुन्नरी व्यक्तिमत्त्व आहे."

लाल पेन
पहिली दोन वाक्यं ठेवा, तिसरं काढा. स्वल्पविरामांची माळ लावली की चिंध्यांची म्हण वाचकाला आपोआप आठवते. भांडं आणि अक्षर तुम्ही आधीच एका वाक्यात जोडलंत, 'हरहुन्नरी' जे सांगणार ते तिथे दिसलंच. बासरीसाठी वेगळं छोटं वाक्य पुरे. फक्त क्रियापदाची जोडी सांभाळा: छंद जोपासतात, नाद लागतो, व्यासंग असतो. व्यासंग अभ्यासाचा, रोज तासभर वाजवण्याला तो शब्द जड होतो.

गोदाकाठ
'हौशी बासरीवादक' म्हटलं तर कमीपणा वाटेल का?

त्र्यंबकरोड
अजिबात नाही. राज्य नाट्य स्पर्धेत 'हौशी' हा अधिकृत गट आहे, आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहात होणारे त्यातले प्रयोग बघणाऱ्यांना तो शब्द हलका वाटत नाही. हौशी म्हणजे त्यावर पोट नसलेला, इतकंच. कुंभारकामाला मात्र हा शब्द लावू नका. भांडी विकायला ठेवली आहेत ना? तिथे त्या व्यावसायिक. आणि 'व्यवसायिक' नव्हे, 'व्या' ला काना हवा.